स्वतःच्या अनुभवासकट बायबल कसं वाचायचं

आमच्या बायबल स्टडीत एकदा मार्क १२, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय, चालला होता, शेवटचा भाग, गरीब विधवेचं दान. हा उतारा मी आधी दोनदा शिकवलेला आणि दोन्ही वेळा एकच मुद्दा सांगितलेला, की श्रीमंतांनी उरल्यासुरल्यातून टाकलं, हिने होतं नव्हतं ते सगळं टाकलं, तर आपणही असं मोकळ्या हाताने द्यावं. त्या दिवशीही तेच चाललं होतं. मागच्या खुर्चीवर एक काकू बसायच्या, त्यांचे मिस्टर जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली, एरवी फारशा बोलायच्या नाहीत, त्या दिवशी पानावर बोट तसंच ठेवून हळूच म्हणाल्या, "मग दुसऱ्या दिवशी ती जेवली का?" सगळे गप्प. मग परत म्हणाल्या, "नाही म्हणजे, तिला कोणी विचारलं का, की बाई आता घरी काय आहे."

मला उत्तर सुचलं नाही आणि आता वाटतं बरंच झालं, सुचलं असतं तर मी ते देऊन मोकळा झालो असतो. त्याऐवजी आम्ही मागे जाऊन वरची वचनं वाचली. बरोब्बर वर, ४० व्या वचनात, येशू शास्त्र्यांबद्दल, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडितांबद्दल, म्हणतोय की ते विधवांची घरं गिळतात. आणि मग लगेच एक विधवा येते आणि तिच्याकडची शेवटची दोन नाणी मंदिराच्या पेटीत टाकते. अध्याय १३ सुरू होतो तर एक शिष्य मंदिराचे दगड बघून थक्क झालाय आणि येशू सांगतो की यातला एक दगड दुसऱ्यावर राहणार नाही. "तुम्हीही असंच करा" हे वाक्य त्या उताऱ्यात कुठेच नाहीये. ते मी घातलं होतं, दोनदा. ग्रीकमध्ये तिने जे टाकलं त्याला "बिऑस" म्हटलंय, त्याचा अर्थ उपजीविका पण होतो आणि जीवन पण. १९८२ साली अ‍ॅडिसन राइट नावाच्या अभ्यासकाने हाच प्रश्न मांडला होता, की येशू इथे कौतुक करतोय की हळहळतोय, आणि त्यावर अजूनही वाद आहे. काकूंनी तो लेख वाचलेला नव्हता. त्यांना फक्त रिकाम्या डब्याची सवय होती.

हे सगळं इतक्या सविस्तर सांगितलं कारण पुढे जी पद्धत सांगतोय ती या एका प्रसंगातच आहे. काकूंच्या अनुभवाने आम्हाला प्रश्न दिला, पण उत्तर आम्हाला उताऱ्यातच शोधावं लागलं, ते त्यांच्या घरात नव्हतं आणि माझ्या नोट्समध्ये पण नव्हतं. हे दोन टप्पे वेगळे ठेवता आले की अर्धं काम झालं, आणि बहुतेक गोंधळ हे दोन एकत्र केल्यामुळेच होतात असं माझं ठाम मत आहे.

अनुभव म्हणजे नक्की काय

अनुभव म्हणजे आज सकाळी प्रार्थनेत काय वाटलं ते नाही, किंवा फक्त ते नाही. मी ज्याबद्दल बोलतोय तो म्हणजे आयुष्याने अंगात मुरवलेलं. कर्ज काढलेलं असणं, बाळ गमावलेलं असणं, घर सोडून पळावं लागणं, दुसऱ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम करणं, आजारपणात महिनोन्महिने छताकडे बघत पडून राहणं, कुठेतरी दारातूनच परत पाठवलं जाणं. आणि हो, सुखाचा पण अनुभव असतो, कधीच उपाशी न झोपलेला माणूस पण एक अनुभव घेऊनच बायबल उघडतो, फक्त त्याला तो दिसत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना, पण ज्याचं कधी जळलंच नाही त्याचंही वाचन त्यानेच घडलेलं असतं.

काहीजण म्हणतात आम्ही अनुभव वगैरे मध्ये आणत नाही, फक्त वचन काय म्हणतं ते बघतो. त्यांची भीती मला कळते आणि ती चुकीची नाहीये, त्यावर पुढे येतोच. पण कोरी पाटी घेऊन कोणीच वाचत नाही. रुडॉल्फ बुल्टमान या जर्मन अभ्यासकाने १९५७ मध्ये यावरच एक निबंध लिहिला, त्यांचे बाकीचे विचार पटोत न पटोत पण एक फरक त्यांनी फार कामाचा सांगितला, की निकाल आधीच न ठरवता वाचणं शक्य आहे आणि ते केलंच पाहिजे, पण मनात काहीच न घेता वाचणं शक्य नाही. म्हणजे जे मनात आहे ते आधी टेबलावर काढून ठेवायचं, लपवायचं नाही.

पहिलं काम: बायबल बंद करून गोष्ट सांगा

ही एक्सरसाइज मार्क अ‍ॅलन पॉवेल या नव्या कराराच्या अमेरिकन अभ्यासकामुळे बऱ्याच जणांना माहीत झाली आणि मला वाटतं कोणीही घरी करावी अशी आहे. लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बापाकडून वाटणी घेऊन परदेशी गेलेला आणि उपाशी पडून घरी परतलेला धाकटा मुलगा, तो नीट वाचायचा, पुस्तक बंद करायचं, आणि समोरच्याला ती गोष्ट आठवून सांगायची, काही न गाळता. पॉवेल यांनी अमेरिकेत १०० जणांना हे करायला लावलं. पैसे उधळले हे सगळ्यांना आठवलं, पण त्या देशात मोठा दुष्काळ पडला हे फक्त ६ जणांनी सांगितलं. मग त्यांनी रशियात, सेंट पीटर्सबर्गमध्ये ५० जणांना तेच करायला लावलं, तिथे ४२ जणांनी दुष्काळ सांगितला. हे शहर म्हणजे पूर्वीचं लेनिनग्राड, १९४१ ते १९४४ जर्मन सैन्याचा वेढा होता आणि लाखो माणसं भुकेने गेली. त्यातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि त्यांच्या नातवंडांच्या शहरात दुष्काळाचं वाक्य कोण विसरेल. पुढे टांझानियात विचारलं की त्या मुलावर अशी वेळ का आली, तर बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, कारण त्याला कोणी काही खायला दिलं नाही. ते पण उताऱ्यात आहे, १६ वं वचन, उघडून बघा.

तीन जागचे लोक, तीन कारणं, आणि तिन्ही छापलेली आहेत. कोणीच बाहेरून काही आणलं नाही. म्हणून मला ही एक्सरसाइज इतकी आवडते, कारण यात तुमच्या अनुभवाने काय दाखवलं ते तर कळतंच पण काय गाळलं ते पण कळतं, आणि गाळलेलं कळणं जास्त महत्त्वाचं आहे. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, मग उतारा परत वाचत जा आणि तुम्ही सोडलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा. जे सुटलं त्याबद्दल स्वतःला एवढंच विचारा की हे मला का लागत नव्हतं.

दुसरं काम: वहीची दोन पानं

डाव्या पानावर उताऱ्यात काय आहे ते, फक्त ते, कोण कुठे उभा आहे, कोण बोलतंय, कोण अजिबात बोलत नाही, आधी काय झालं, नंतर काय झालं. उजव्या पानावर तुम्हाला काय झालं ते, कुठे अडखळलात, कुठे राग आला, कोणाची आठवण आली, कुठलं वाक्य पटकन पुढे ढकललं. दोन्ही पानं भरा. ज्यांना अभ्यासाची सवय आहे त्यांचं डावं पान गच्च भरतं आणि उजव्यावर दोन ओळी असतात, आणि जे दुःखात आहेत त्यांचं उलटं होतं. आपलं कुठलं पान रिकामं राहतं हे महिनाभरात लक्षात येतं, मग तिकडे जरा जोर लावायचा.

उजव्या पानावरच्या गोष्टीला डाव्या पानावर आधार सापडतो का, हे मग बाण काढून जोडायचं. काकूंचा प्रश्न उजव्या पानावरचा होता आणि ४० वं वचन डाव्या पानावरचं. बाण जुळला. जो बाण कुठेच जुळत नाही तो खोडून टाकायचा नाही, तो तुमचा प्रश्न आहे, देवाला विचारायला हरकत नाही, पण "बायबल असं सांगतं" म्हणून तो दुसऱ्याला सांगायचा नाही.

हे बायबलमध्येच आहे

अनुभवाला जागा देणं म्हणजे काहीतरी नवीन मॉडर्न फॅड आहे असं कोणी म्हणालं तर त्यांच्याबरोबर प्रेषितांची कृत्ये १० ते १५ बसून वाचा, वाद घालू नका, नुसतं वाचा. येशूचा शिष्य पेत्र यापोमध्ये छतावर प्रार्थना करतोय, त्याला दृष्टान्त होतो, यहुद्यांना खायला मनाई असलेल्या प्राण्यांनी भरलेली चादर तीनदा खाली येते, त्याला अर्थ कळत नाही. मग तो कर्नेल्याच्या घरी जातो, परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, माणसाच्या घरी, आणि बघतो की आपल्याला मिळाला तोच पवित्र आत्मा यांनाही मिळाला. हा अनुभव. पण गोष्ट तिथे संपत नाही, यरुशलेमला गेल्यावर लोक त्याला जाब विचारतात, त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आणि अध्याय १५ मध्ये, परराष्ट्रीयांनी मोशेचं नियमशास्त्र पाळायलाच हवं का या प्रश्नावर, मोठी सभा बसते, भरपूर वादविवाद होतो, पेत्र बोलतो, पौल आणि बर्णबा जे घडलं ते सांगतात, आणि सगळ्यात शेवटी याकोब उठून आमोस संदेष्ट्याचं वचन वाचतो आणि म्हणतो हे त्याच्याशी जुळतं. ते वचन आधीपासून तिथेच होतं. पण अनुभव आल्याशिवाय कोणी ते त्या प्रश्नाला लावून बघितलं नव्हतं. आणि वचनाशी जुळवल्याशिवाय त्या अनुभवावरून त्यांनी मंडळीचा निर्णय केला नाही. मला विचाराल तर अनुभव आणि वचन यांचं नातं कसं असावं हे याहून चांगलं कुठे मांडलेलं नाही.

पौल पण गलतीकरांना वाद घालताना सरळ त्यांच्या अनुभवावर येतो, अध्याय ३, तुम्हाला आत्मा नियमशास्त्र पाळून मिळाला की ऐकून विश्वास ठेवल्याने? आणि तिथून लगेच अब्राहामाच्या गोष्टीवर जातो. योहान ९ मधला जन्मांध माणूस परूश्यांना एवढंच म्हणतो की मला एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतंय. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून म्हणतात, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसलं जावं, आणि देव म्हणतो या बरोबर बोलतायत, आणि वारसाचा नियम बदलतो. आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचं तर अख्खं पुस्तकच. त्याचे तीन मित्र जे बोलतात त्यातली कितीतरी वाक्यं वेगळी काढून वाचली तर एकदम धार्मिक आणि बरोबर वाटतात, आणि ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर संतापतो की माझ्या सेवक ईयोबासारखं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. राखेत बसून ओरडणाऱ्या माणसाचं बोलणं देवाने खरं धरलं.

पुढच्या इतिहासात पण हे आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५३९ मध्ये आपल्या जर्मन लेखनाच्या प्रस्तावनेत थिऑलॉजी शिकायला तीन गोष्टी लागतात असं स्तोत्र ११९ च्या आधाराने लिहिलं, प्रार्थना, मनन आणि तिसरी "टेन्टातिओ", म्हणजे कसोटी, संकट. तिसरीला ते पारख करायचा दगड म्हणतात, वचन किती खरं आहे हे तिथे नुसतं समजत नाही तर अनुभवाला येतं. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या विचारावरून अल्बर्ट आउटलर या अभ्यासकाने १९६० च्या दशकात शास्त्र (म्हणजे बायबल), परंपरा, बुद्धी आणि अनुभव अशी चौघांची मांडणी केली, तिला वेस्लियन क्वाड्रिलॅटरल म्हणतात. नाव ऐकून वाटतं चारही बाजू सारख्या, तसं नाहीये, शास्त्र पहिलं आणि बाकीचे तीन ते समजून घेण्यासाठी, आणि हा गैरसमज इतका पसरला की आउटलर यांना स्वतःलाच पुढे तो शब्द वापरल्याचं वाईट वाटलं. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला यात सगळ्यात जवळचं वाटतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला होत्या, तिथे सिस्टर्स ज्या बायकांना समाजाने पतित म्हणून टाकलेलं त्यांची सेवा करताना त्यांनी बघितलं, आणि विचारलं की तुम्ही हे का करता, तेव्हा त्यांना योहान ४ मधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवण्यात आली. स्वतः विधवा, आईवडील दुष्काळात गेलेले, बायकांचे हाल जवळून बघितलेले, त्या डोळ्यांनी त्यांनी तो अध्याय वाचला. पण पुढे काय केलं ते बघा. मला अनुभव आला, आता मला अभ्यास नको, असं त्या म्हणाल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणण्याचं काम आयुष्याच्या शेवटापर्यंत केलं, ते १९२४ मध्ये, त्या गेल्यावर छापलं गेलं. खरा अनुभव माणसाला उताऱ्याकडे जास्त ओढतो, ही मी धरलेली एक खूण आहे.

तिसरं काम: उताऱ्याला नाही म्हणू द्या

आता ती भीती. अनुभव फसवतो, आणि सगळ्यात जास्त तेव्हा फसवतो जेव्हा आपल्याला खूप गरज असते.

माझी नोकरी गेली तेव्हा मी यिर्मया २९:११ मोबाइलच्या स्क्रीनवर लावलं होतं, तुमच्याविषयी माझ्या मनात असलेले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. रोज इंटरव्ह्यूला जाताना वाचायचो आणि मनात पक्कं होतं की देवाने मला सांगितलंय, महिन्याभरात काम होणार. महिना गेला, तीन गेले. मग एका रात्री, खरं तर चिडूनच, मी तो अख्खा अध्याय पहिल्यापासून वाचला. ते एक पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. १० वं वचन सांगतं सत्तर वर्षं. म्हणजे ते पत्र ज्यांनी ऐकलं त्यातले बरेचसे परत जाणारच नव्हते. ५ वं वचन सांगतं घरं बांधा, बाग लावा, तिथेच राहा, ७ वं सांगतं की ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि "तुमच्याविषयी" हे हिब्रूत अनेकवचन आहे, एका माणसाच्या करिअरबद्दल नाही, पूर्ण लोकांबद्दल आहे. मी माझी निकड त्या वचनात ओतली होती आणि तीच परत काढून पीत होतो.

आता हे कळल्यावर वचन माझ्यासाठी मेलं का? नाही. स्क्रीनवरून ते काढलं नाही, पण त्याच्या शेजारी ५ आणि १० लिहिले. लवकर सुटका होईल हा धीर गेला आणि सुटका नसतानाही इथे जगता येतं हा धीर आला, आणि हा जास्त टिकला.

म्हणून तपासायला मी स्वतःला काही प्रश्न विचारतो, क्रम ठरलेला नाही. या उताऱ्याने मला शेवटचं कधी अडवलं? जर मी वाचतो ते प्रत्येक वचन मी आधीच मानत होतो तेच सांगत असेल तर मी वाचत नाहीये. आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचला का? किमान दोन वेगळी भाषांतरं उघडली का, कारण फरक दिसला की तिथे थांबायला होतं. मी जो अर्थ काढतोय तो ज्याच्यावर पडणार आहे त्याच्यासमोर बसून त्याच्या तोंडावर सांगू शकेन का? आणि प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यांची जुनी कसोटी, की ज्या अर्थामुळे देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलं नाही. ही शेवटची कसोटी सोपी वाटते पण तिने मला बऱ्याचदा माघार घ्यायला लावलीये.

ताकद कोणाकडे आहे ते बघा

सगळे अनुभव एकाच वजनाने बोलत नाहीत, हे इथे सांगायलाच हवं. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलचे निवडक भाग छापले गेले, आणि त्यातून मोशे इस्राएलांना मिसरमधून बाहेर काढतो तो भागच काढून टाकला होता, गलतीकरांस ३:२८ पण नाही, तेच ते, दास नाही की स्वतंत्र नाही. मालकाची आज्ञा पाळा वाली वचनं मात्र ठेवलेली. छापणाऱ्यांना चांगलं माहीत होतं की गुलाम माणूस निर्गम, म्हणजे ती सुटकेची गोष्ट, वाचेल तर काय ऐकेल.

आणि दुसऱ्या बाजूने बघा, हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशकाने १९४९ मध्ये आपल्या आजीबद्दल लिहिलंय, ती गुलामीत जन्मलेली, तिला वाचता येत नव्हतं, नातू तिला बायबल वाचून दाखवायचा, पण पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही, फक्त अधूनमधून १ करिंथकरांस १३. का, तर मालकाने आणलेला उपदेशक सारखं पौलाचंच वचन काढायचा, दासांनो मालकांच्या आज्ञेत राहा. तिने ठरवलं होतं की मी कधी वाचायला शिकले आणि स्वतंत्र झाले तर तो भाग वाचणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात पटकन आलं की पण पौल तर त्यापेक्षा खूप मोठा आहे, फिलेमोनाला लिहिलेलं पत्र बघा ना, त्यात तो दासाला भाऊ म्हणून स्वीकारायला सांगतो. ते खरं आहे, पण ते तिला समजावण्याची माझी जागा नाही. तिच्या नकाराने मला एक प्रश्न मिळतो, की हे वचन कोणाच्या तोंडातून आणि कोणाच्या फायद्यासाठी वाचलं गेलं. पौल वाचताना तो माझ्याबरोबर राहतो.

यातूनच एक गोष्ट, जी मी अगदी स्पष्ट लिहितो. घरात मार खाणाऱ्या बाईला "दुसरा गाल पुढे कर" किंवा "नवऱ्याच्या अधीन राहा" सांगणं हे बायबल शिकवणं नाही. तिथे आधी तिची सुरक्षितता, तिला मदत मिळवून देणं, अभ्यास नंतर, तोही तिला हवा असेल तर.

चौथं काम: एकट्याने पूर्ण होत नाही

तुमच्यासारख्याच पाच जणांबरोबर वाचलं तर तुमचाच अनुभव पाच पटीने मोठा होऊन परत येतो. वेगळी माणसं लागतात, वयाने, कामाने, पैशाने, आजारपणाने. निकाराग्वातल्या सोलेन्तिनामे बेटांवर १९६० आणि ७० च्या दशकात एर्नेस्तो कार्देनाल हे फादर प्रवचन देण्याऐवजी शेतकरी आणि मच्छीमार लोकांबरोबर शुभवर्तमान वाचायचे आणि तेच लोक त्यावर बोलायचे. त्यांचे सगळेच निष्कर्ष मला पटत नाहीत, पण पद्धत घ्यावी अशी आहे.

ग्रुप चालवत असाल तर माझ्या अनुभवावरून काही सांगतो. पाळक किंवा ज्याला जास्त माहिती आहे त्याने शेवटी बोलावं, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत "बरोबर उत्तर" ठरून जातं आणि बाकीचे मान हलवत बसतात. उतारा दोनदा मोठ्याने वाचा, दोन वेगळ्या आवाजात. कोणी काही म्हटलं की चूक-बरोबर न करता प्रेमाने एवढंच विचारा, "हे तुम्हाला यात कुठे दिसलं, दाखवा ना." हा प्रश्न कमाल काम करतो, कारण त्यात त्या माणसाचा मान राहतो आणि सगळ्यांची नजर परत पानावर येते. साक्ष द्यायला कोणालाही भाग पाडू नका, गप्प बसणाऱ्याला गप्प बसू द्या. आणि कोणी दुःख सांगितलं तर लगेच वचन मारू नका. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत, आणि अख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेलं तेवढंच चांगलं काम आहे.

एक खूप नाजूक जागा म्हणजे "पिता". ज्याच्या बापाने त्याला पट्ट्याने मारलंय तो "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना अडखळतो, आमच्याकडे एक मुलगा तिथे पोचला की ओठ मिटायचा, बाकीची प्रार्थना म्हणायचा. त्याला कोणी समजावलं नाही हे चांगलं झालं. पुढे लूक १५ करताना तो वीसाव्या वचनावर थांबला, मुलगा दूर असतानाच बाप धावत जातो, आणि म्हणाला माझा बाप माझ्याकडे धावत आला की मी लपायचो. बस एवढंच. त्या आठवड्यात आम्ही पुढे गेलोच नाही. त्याचा अनुभव उताऱ्याच्या बरोबर उलटा होता, आणि त्या उलटेपणामुळेच मला पहिल्यांदा कळलं की गोष्टीतल्या मुलाला तो धावणारा माणूस दिसला तेव्हा त्यालाही क्षणभर माहीत नसणार की हा मारायला येतोय की मिठी मारायला.

कुठून सुरू करायचं

पहिल्याच दिवशी प्रकटीकरण किंवा रोमकरांस घेऊ नका, गोष्टी घ्या. मार्क १२ आणि लूक १५ वर सांगितलेच. दुःखातल्या ग्रुपसाठी स्तोत्र ८८, ते अंधारात संपतं, शेवटी आशेचं वाक्य नाहीये, आणि कोणीतरी नक्की विचारेल की पान फाटलंय का, तर नाही, ते तसंच आहे आणि तसंच उपासनेत म्हटलं जायचं.

आणि मग उत्पत्ती १६, हागार. दासी, परदेशी, गरोदर, मालकिणीच्या छळामुळे रानात पळालेली. बायबलमध्ये देवाला नाव देणारी ती पहिली व्यक्ती आहे, एल-रोई, मला पाहणारा देव, आणि हे नाव तिने कुठल्या शिकवणीतून काढलं नाही, झऱ्याजवळ जे घडलं त्यातून काढलं. पण तिथे पोचायच्या आधी ९ वं वचन येतं, देवदूत तिला सांगतो की मालकिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. हे वचन उडवून १३ वर जायचा मोह प्रत्येक लीडरला होतो, मलाही झाला. उडवू नका. लगेच समजावू पण नका. उतारा वाचून झाला की दोन मिनिटं शांत बसा, आणि अध्याय २१ पण त्याच बैठकीत वाचा, जिथे तिला परत रानात काढलं जातं आणि या वेळी देव तिला परत जा म्हणत नाही, पाण्याची विहीर दाखवतो. मग विचारा, की तुमच्यापैकी कोणाला कधी परत जावं लागलंय का. उत्तर आलं नाही तरी वहीत ९ व्या वचनासमोर उजवं पान रिकामं ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा.